केडगाव, नगर, हरेगाव: आईबरोबर चार दिवस

पहिला दिवस, गुरुवार

पुण्याहून दौंडच्या गाडीला बसलो तेव्हा आईच्या मांडीवर एक बोचकं होतं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं आमच्या घरातलं बायबल. "बॅगेत टाक की," मी म्हटलं. "बॅग पायाशी जाते. हे पायाशी ठेवायचं नाही," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. सप्टेंबरचा दुसरा आठवडा होता. मांजरी, लोणी, उरुळी. शेतं हिरवीगार होती, पण पाऊस चार दिवस गायब होता.

पप्पांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. पुण्यातल्या एका दवाखान्यात ते एकोणीस दिवस होते. त्या दिवसांत मंडळीतले लोक बाहेरच्या व्हरांड्यात गोल करून प्रार्थना करायचे, पाळकसाहेब रोज यायचे, फोनवर साखळी प्रार्थना चालू होती. रात्री अडीचला कोण, साडेतीनला कोण, असं वेळापत्रकच होतं. विसाव्या दिवशी पहाटे पप्पा गेले. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणाला, "देवाची इच्छा." मला त्या दोन शब्दांचा जो राग आला तो काही उतरला नाही. तेव्हापासून जेवणाआधी मी डोळे मिटत होते ते आई समोर बसलेली असायची म्हणून. तिला हे कळलेलं नाही, अशी माझी समजूत.

ही फेरी तिनंच ठरवली. जिथं हे पुस्तक छापलं गेलं तिथं ते एकदा न्यायचं, मग पप्पांच्या नगरला जायचं आणि शनिवारी हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, मरियेच्या, कॅथलिक यात्रेला. शेवटचं ऐकून मी चकित झाले. "आपण प्रॉटेस्टंट कधीपासून मतमाउलीच्या यात्रेला जायला लागलो?" यावर उत्तर मिळालं नाही. "जायचंय," एवढंच.

केडगावला उतरलो आणि पहिला घोटाळा समोर आला. मुक्कामाची खोली माझ्या मावसभावानं मोबाईलवरून बुक केली होती. तिथं फोन लावून "स्टेशनवरून कसं यायचं?" विचारलं, तर पलीकडचा माणूस म्हणाला, "ताई, पुणे रोडनं सरळ या, नगर शहर लागायच्या आधीच आहे." भावानं नगरजवळच्या केडगावची खोली घेतली होती! आम्ही उभ्या होतो दौंड तालुक्यातल्या केडगावात. आई इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. दीड वर्षात ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. मग ठरलं, दिवस इथं काढायचा आणि रात्री दौंडला माझ्या एका मैत्रिणीकडं.

पंडिता रमाबाईंनी निराधार मुलींसाठी उभारलेल्या मुक्ती मिशनला आधी फोन करून परवानगी घेतलेली होती. आत शिरल्यावर आवाजच खाली येतो. मोठाली झाडं, जुन्या इमारती, मधूनच कुठं शाळकरी मुलींचा गलका. आई रमाबाईंच्या कबरीपाशी बराच वेळ उभी राहिली, बोचकं छातीशी धरून.

आता पणजीची गोष्ट सांगायला हवी. पप्पांची आजी १८९७ मध्ये इथं आली. वय सहा की सात, तिला माहीत नव्हतं. गावाचं नाव माहीत नव्हतं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या शेकडो उपाशी मुलींना घेऊन आल्या, त्यांतली ती एक. पुण्यात तेव्हा प्लेग. एवढ्या मुली शहरात ठेवायला परवानगी मिळेना, म्हणून रमाबाईंनी केडगावला घेतलेल्या माळरानावर त्यांना आणलं. मुलींसाठी पहिल्यांदा झोपड्या, मग विहिरी, मग इमारती. पणजीला इथं आल्यावरची एकच गोष्ट लख्ख आठवायची, असं पप्पा सांगायचे: पहिल्या रात्री भाकरी मिळाली ती तिनं खाल्ली नाही, उशाखाली लपवली. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी उशी उचलली, मुंग्या लागलेल्या भाकरी निघाल्या आणि कुणी रागावलं नाही. चौथ्या दिवशी ती जेवली.

पुढं ती छापखान्यात लागली. इथल्या मुली अक्षरांचे खिळे जुळवायच्या, छापायच्या, बांधणी करायच्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांमधून बायबल मराठीत आणलं. कमी शिकलेल्या बाईलाही कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. कामाला अठराएक वर्षं गेली. मुखपृष्ठामागं साल आहे १९२४, म्हणजे त्या गेल्यावर दोन वर्षांनी. आमच्याकडच्या प्रतीत कुठली पानं पणजीनं जुळवली, कोण सांगणार? पप्पा मात्र आमच्या लहानपणी ठामपणे सांगायचे की जिथं एखादं अक्षर वाकडं पडलंय ते आमच्या आजीचं. आम्ही भावंडं वाकडी अक्षरं शोधत बसायचो. वचनं पाठ झाली ती अशी.

मला कबरीपाशी पणजीपेक्षा रमाबाईंचाच विचार जास्त आला. त्यांचं आयुष्य शाळेत आम्हांला "थोर समाजसुधारक" या एका ओळीत शिकवलं. तारखा ओळीनं मांडल्या तर छाती दडपते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री, आई आणि बहीण गेली. त्या आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत कलकत्त्यापर्यंत पोचले. तिथल्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, मग भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, पटकीनं तेही गेले. हातात तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजला बाप्तिस्मा घेतला.

मी आजवर धरून चालले होते की बाप्तिस्मा झाला म्हणजे प्रश्न मिटले. पण तिथल्या सिस्टरांशी त्यांचा पत्रांतून जो वाद झाला तो वाचला तर हसू येतं आणि धीरही. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मला पटवून द्या. पटल्याशिवाय मी म्हणणार नाही. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून काढलंय, ते दुसऱ्याचं घालून घेण्यासाठी नव्हे. हे सगळं बाप्तिस्मा झालेली बाई लिहीत होती! पुढं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला असं त्यांना वाटायला आणखी आठ वर्षं लागली. त्या आठ वर्षांत त्या गप्प बसल्या नव्हत्या. अमेरिका पालथी घातली, पैसे उभे केले, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. शंका होत्या आणि काम होतं, दोन्ही एकाच घरात राहत होते.

१९०५ मध्ये इथं झालेल्या 'संजीवना'बद्दलही आई भक्तिभावानं बोलली. मुली तासन्‌तास रडत, ओरडत प्रार्थना करू लागल्या, ते. मी ऐकून घेतलं. मोठ्यानं रडून केलेल्या प्रार्थनेत मला कायम अवघडल्यासारखं होतं, आणि ते केडगावातही बदललं नाही.

दुसरा दिवस, शुक्रवार

दौंडहून नगरच्या पॅसेंजरला बसायला जागा मिळाली. भीमेवरचा पूल लागला तसं आईनं बोचकं सोडलं आणि बायबल माझ्या हातात दिलं. "वाच काहीतरी. चष्मा बॅगेत गेलाय." चष्मा तिच्या पर्समध्ये होता, मला दिसत होता.

मी स्तोत्रसंहिता उघडली, कारण तिथं कुठलंही पान काढलं तरी चालतं. पप्पांना पेन्सिलीनं खुणा करायची सवय. तेविसाव्या स्तोत्राची समासाची जागा तर तारखांनी भरलेली: आमचे वाढदिवस, परीक्षा, माझं लग्न. एकशे एकविसावंही तसंच. पानं उलटत गेले आणि अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रापाशी थांबले. समासात एक प्रश्नचिन्ह होतं. इतकं दाबून काढलेलं की पान मागून उठलंय. बोट फिरवलं तर लागतं. खाली बारीक अक्षरात: ऑगस्ट १९८१.

अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र कुणी कुणाला भेटकार्डावर लिहून देत नाही. बाकीची दुःखाची स्तोत्रं शेवटाला कुठंतरी वळतात, तरीही मी तुझी स्तुती करीन म्हणतात. हे वळत नाही. रात्रंदिवस हाका मारतो आहे, तू तोंड का लपवतोस, असं विचारत विचारत ते अंधारात संपतं. शेवटचा शब्दच अंधाराचा. तरी ते बायबलात आहे, कुणी काढून टाकलं नाही.

"हे काय आहे?" मी पान तिच्यापुढं धरलं. तिनं चष्म्याशिवाय पाहिलं आणि लगेच म्हणाली, "बाळ गेलं त्या महिन्यातलं."

मला एक भाऊ होता हे मला माहीत होतं. मी तीन वर्षांची होते, तो सात महिन्यांचा. आमच्या घरात तो एका वाक्यात यायचा आणि जायचा.

"पप्पा त्यानंतर वर्षभर देवळात गेले नाहीत," आई म्हणाली. "मी तुला घेऊन जायची. ते दारापर्यंत सोडायचे आणि बाहेर सायकलपाशी उभे राहायचे. पाळकसाहेब दोनदा घरी आले, त्यांना चहा दिला, बोलले नाहीत."

"मग परत कसे गेले?"

"पेटी वाजवणाऱ्या गुरुजींची बदली झाली. नाताळ तोंडावर. गायनाला पेटी नाही. दोघंजण बोलवायला आले, तर हे म्हणाले, 'मी वाजवीन, पण प्रार्थनेला उभा राहणार नाही.' ते म्हणाले, चालेल."

"आणि?"

"आणि काय? वाजवली. किती दिवस बसून होते आणि कधी उभे राहायला लागले, मी मोजलं नाही."

बेलवंडी गेलं, विसापूर गेलं. शेजारची बाई तिच्या नातवाला शेंगा सोलून देत होती, तिनं मूठभर आम्हांलाही दिल्या. मी शेंगा खात होते आणि पप्पांना सायकलपाशी उभे असलेले बघत होते. ज्या माणसाची श्रद्धा मला इतकी सरळसोट वाटायची की तिच्यापुढं माझी शंका म्हणजे गुन्हा, तो माणूस.

नगरला (आता अहिल्यानगर, पण आईच्या तोंडी नगरच) पप्पांचं घर होतं तिथं तीन मजली दुकानं उभी आहेत. मोबाईलची, चपलांची. आईनं रस्त्यापलीकडून पाहिलं, "चिंच पण पाडली," म्हणाली आणि चालायला लागली. संध्याकाळ मोकळी होती म्हणून ह्यूम मेमोरियल चर्चच्या बाजूनं फिरलो. नगरच्या ख्रिस्ती माणसाला इतिहास आठवायला लागत नाही, तो पायाखाली येतो. अमेरिकन मराठी मिशन इथं १८३१ मध्ये आलं, 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक इथूनच १८४२ मध्ये निघालं, आणि रेव्हरंड ना. वा. टिळक नि लक्ष्मीबाईंचं बिऱ्हाड याच गावात होतं.

टिळकांची गाणी आम्ही लहानपणापासून टाळावर म्हणतो. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं ते म्हणायचे. पण त्या रात्री मला जवळच्या वाटल्या त्या लक्ष्मीबाई. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला आणि ही बाई नातेवाइकांच्या दारात एकटी पडली. पुढं नवऱ्याकडं आली तीही आपलं सोवळं आणि आपली चूल वेगळी ठेवून. ख्रिस्ती व्हायला तिला १९०० साल उजाडलं. मधली पाच वर्षं ती भांडत होती, रुसत होती, विचार करत होती. तिचं मन फिरलं ते काही दर्शन होऊन नव्हे. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न स्वतःशी सोडवून. नगरात प्लेग आला तेव्हा हीच बाई माणसांची शुश्रूषा करायला उभी होती.

रात्री खोलीवर, म्हणजे त्या नगरच्या केडगावातल्याच, कारण पैसे आधीच भरलेले, आईनं प्रार्थना केली. मी डोळे उघडे ठेवून पंख्याकडं बघत राहिले. "आमेन" झाल्यावर ती म्हणाली, "तू मिटत नाहीस हे मला ठाऊक आहे. मिटू नकोस. पण बस माझ्याबरोबर."

तिसरा दिवस, शनिवार

राहुरीमार्गे श्रीरामपूर. एसटीत उभ्यानं. राहुरीला मुळा, बेलापूरला प्रवरा, दोन्हीकडं ऊस. श्रीरामपूर शहराच्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून बेलापूरच आहे, त्यामुळं बाहेरून आलेला यात्रेकरू हमखास गोंधळतो; आमच्या शेजारी उभा असलेला मुंबईचा पोरगा आदल्या वर्षी तसा गोंधळला होता म्हणे.

हरेगाव म्हणजे बेलापूर कंपनीच्या बंद पडलेल्या साखर कारखान्याचं गाव. एरवी शांत. यात्रेला मात्र पाय ठेवायला जागा नसते. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी रेवड्या, गोडीशेव, भेळ, पाळणे, फुगे, आणि मेणबत्त्यांची दुकानं. पायी आलेल्यांचे जथे, अनवाणी बाया, डोक्यावर पटका बांधलेले म्हातारे, कडेवर पोरं. यांतले निम्मे ख्रिस्ती नसावेत. कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली एक बाई माझ्यापुढं रांगेत होती, हातात मेणबत्त्यांची जुडी. मरियेला 'माउली' म्हणताना तिला काही अडत नव्हतं, आणि का अडावं? ज्ञानोबांनी जिथं ज्ञानेश्वरी सांगितली ते नेवासं याच जिल्ह्यात आहे. इथल्या माणसाच्या तोंडात तो शब्द आधीपासून तयार असतो.

मी मात्र अवघडले होते. मूर्तीपुढं मेणबत्ती, नवस, हे आमच्यात नाही. संडे स्कूलला शिकलेलं सगळं आठवत होतं. आईनं एक मेणबत्ती घेतली, साधी, पाच-सहा इंचांची, आणि रांगेत असतानाच सांगितलं.

"शेजारच्या काकू आठवतात? कॅथलिक. त्यांनी बाळासाठी इथं नवस बोलला होता. मला न विचारता. बाळ वाचलं तर पाच वर्षं पायी येईन."

"वाचला नाही ना तो."

"नाही. तरी आल्या. पाच वर्षं पायी आल्या, नंतर एसटीनं. दरवर्षी त्याच्या नावानं एक मेणबत्ती. मी एकदा चिडून म्हटलं, नवस फळला नाही तर कशाला जाता? तर म्हणाल्या, 'अगं, आता मागायला नाही जात. तिचंही पोर गेलं होतं, तिला भेटायला जाते.'"

रांग पुढं सरकली. मागून कुणीतरी ढकललं, कुणाचं तरी पोर रडलं. काकू गेल्या मार्चमध्ये वारल्या. चाळीसेक वर्षं एक शेजारीण माझ्या भावाच्या नावानं मेणबत्ती लावत होती आणि मला आज, वयाच्या या टप्प्यावर, रांगेत उभ्यानं हे कळत होतं.

आईनं मेणबत्ती लावली. वारा होता, दोनदा विझली. तिसऱ्यांदा कुंकवाच्या बाईनं दोन्ही हातांचा आडोसा धरला. आई हात जोडून नाही, हात खाली सोडून उभी होती, जशी ती रेशनच्या दुकानात उभी राहते. मग पदरानं बोटावरचं मेण पुसलं. "झालं. चल, गोडीशेव घेऊ."

मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, चालू होता, लाऊडस्पीकरवरून फादरांचा आवाज शेतांवर जात होता. आम्ही पाळण्यांच्या मागं एका दगडावर बसून शेव खाल्ली.

चौथा दिवस, रविवार

नगरला सकाळची उपासना. मी जाणार नव्हते. चहा पिताना विचार आला, सायकलपाशी उभं राहायचंच असेल तर निदान दारापर्यंत तरी जावं. गेले, आणि पाऊस आला, म्हणून आत गेले. एवढंच कारण आहे, त्याला मोठं करायला नको.

मागच्या बाकावर जागा मिळाली. शेजारी एक आजी, हातात गायनाचं पुस्तक, पण डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. "बाई, ओळ सांगशील का आधी? चाल मला येते, शब्द दिसत नाहीत." गायन टिळकांचं होतं. पेटी सुरू झाली, टाळ सुरू झाले. मी प्रत्येक ओळ तिच्या कानाशी म्हणायची आणि ती मोठ्यानं गायची. आवाज फाटका, पण सूर पक्का. तिसऱ्या कडव्याला मी ओळ सांगायला विसरले, कारण पेटीवाल्यानं एक जागा अशी घेतली जी पप्पा घ्यायचे. आजीनं कोपरानं ढोसलं. "पुढं?"

मी पुढची ओळ सांगितली.

प्रवचन लांबलं. नोटिसा त्याहून लांबल्या. प्रार्थनेला सगळे उभे राहिले तेव्हा मी बसून राहिले. आईनं खांद्यावर हात ठेवला आणि ती उभी राहिली. बाहेर पडताना लोकांनी "सलाम, सलाम" करत हात मिळवले, पप्पांना ओळखणारे दोघे भेटले, त्यांतल्या एकानं सांगितलं की पप्पा चढ्या पट्टीत गायला लावायचे आणि सगळ्यांचे घसे बसायचे. चहा अगोड होता.

दुपारच्या एसटीनं पुण्याला निघालो. शिरूरच्या पुढं आई झोपली. बोचकं तिच्या मांडीवरून घसरायला लागलं, ते मी माझ्या मांडीवर घेतलं. गोडीशेवेच्या पुड्याचं तेल फडक्याला लागलं होतं. घरी गेल्यावर ते धुवायला हवं, आधी गरम पाण्यात भिजवून.